बेसमेंटमध्ये किंवा गोडाऊनमध्ये इंजिन चालवताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की पुण्यात बेसमेंट उपसायची कामं निघतात. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलं होतं, ते अनेकांना आठवत असेल. एरवीही कुठल्या ना कुठल्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचतंच. शॉक लागू नये म्हणून लाईट बंद केलेली असते, म्हणून पेट्रोलवर चालणारा पंप भाड्याने येतो. पाइप कमी लागावा म्हणून तो रॅम्पवरून खाली नेऊन पाण्याच्या कडेलाच चालू केला जातो. सगळ्यात जीवघेणी चूक हीच.

पेट्रोल, डिझेल, एलपीजी, कोळसा, काहीही जळताना थोडाफार कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. लहान पेट्रोल इंजिनातून तर तो भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण मेंदू आणि हृदयापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, हा हिशेब इथे चालत नाही.

‘दार उघडं आहे ना!’

साईटवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हे, आणि ते खोटं ठरल्याचे पुरावे आहेत. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-आरोग्य संस्थेने १९९६ मध्ये लहान पेट्रोल इंजिनांबद्दल इशारा दिला, त्यातल्या घटना वाचण्यासारख्या आहेत. ५९,००० घनफुटांच्या हॉलमध्ये ८ हॉर्सपॉवरचा पंप चालू होता, शेजारची दारं उघडी होती, तरी कर्मचारी बाहेर पडता पडता बेशुद्ध झाला. छत दहा फूट धरलं तर ही ५,९०० चौरस फुटांची जागा होते. म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी सोसायट्यांच्या पार्किंगपेक्षा मोठी. दुसऱ्या ठिकाणी प्लंबर तळघरात पेट्रोलचा काँक्रीट कटर चालवत होता. दारं-खिडक्या उघड्या, वर पंखाही लावलेला, तरी डोकं ठणकून त्याला गरगरायला लागलं. एक शेतकरी ११ हॉर्सपॉवरच्या प्रेशर वॉशरने गोठा धूत होता, तो अर्ध्या तासात कोसळला आणि गेला.

पंखा आतली हवा आतच फिरवतो. इंजिन मात्र दर मिनिटाला नवा वायू ओतत असतं.

म्हणून नियम एकच ठेवा: इंजिन बाहेर, नळी आत. यात एक अडचण येते, ती आधीच माहीत असावी. वर ठेवलेला पंप पाणी खालून ओढतो ते हवेच्या दाबाच्या जोरावर, आणि त्याला मर्यादा असते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, उंचीवर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे इथे व्यवहारात सात मीटरच्या आसपासच भरवसा धरावा. एक मजला खोल बेसमेंट यात बसतं. दोन-तीन मजले खाली पाणी असेल तर पेट्रोल पंप खाली उतरवू नका. विजेवरचा सबमर्सिबल पंप पाण्यात सोडा आणि जनरेटर रस्त्याच्या पातळीवर, मोकळ्यावर ठेवा. लाइनला ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच, नाहीतर एक धोका टाळताना दुसरा ओढवून घ्याल. प्रेशर वॉशरचंही तसंच: लांब होज घ्या, मशीन आत नेऊ नका. फ्लोअरिंगच्या कटिंगला विजेवरचा कटर मिळतो, तोच मागवा.

‘पित्त झालंय’

विषबाधेची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, हातपाय गळून जाणं अशी असते. आपल्याकडे याला लगेच पित्त म्हणतात. उपाशी होता, उन्हातून आला, चहा जास्त झाला, कारणं तयारच असतात. मग त्याला लिंबू सरबत देऊन तिथेच, आत, कोपऱ्यात आडवं करतात. असं झोपवणं फार महागात पडतं, कारण झोप लागली की गुंगी आली ते कोणालाच कळत नाही.

मुकादमाने दोन गोष्टी बघाव्यात. एकाच वेळी दोघा-तिघांचं डोकं दुखतंय का? आणि बाहेर गेल्यावर बरं वाटून आत आल्यावर पुन्हा तेच होतंय का? एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर पित्त समजू नका. इंजिन बंद करा आणि सगळ्यांना बाहेर काढा.

जनरेटर शटरपाशी

लाईट गेली की दुकानाचा जनरेटर पायरीवर किंवा जिन्याखाली येतो. सायलेन्सरचं तोंड बाहेर केलं की काम झालं असं वाटतं, पण वारा फिरला की वायू आत येतो, कधी वरच्या माळ्यावरच्या कारागिरांकडे जातो. चाकणच्या गोडाऊनमधल्या एलपीजी फोर्कलिफ्टलाही ‘गॅसवरची आहे, स्वच्छ आहे’ म्हणून सूट देऊ नका. ट्यूनिंग बिघडलं की तीही भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडते. थंडीत वॉचमनच्या बंद केबिनमध्ये पेटवलेली कोळशाची शेगडीही याच जातीची.

चुकीच्या वस्तूंवर विश्वास

रुमाल, ओला कपडा, एन-९५ मास्क यांतला एकही हा वायू अडवत नाही. स्मोक डिटेक्टर किंवा एलपीजी गळतीचा अलार्म त्यासाठी वाजत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा मीटर मिळतो, तो छातीच्या उंचीवर कपड्याला अडकवा. आठ तासांच्या पाळीच्या सरासरीला नायॉशची शिफारस ३५ पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत ३५ भाग वायू) आहे. २०० पीपीएम ही क्षणभरही ओलांडू नये अशी मर्यादा आहे, आणि १,२०० ला जीव धोक्यात असतो.

सगळ्यात फसवा तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं. ९८ दिसलं म्हणून माणसाला घरी पाठवू नका.

कोणी पडलाच तर

धावत खाली उतरू नका, वाचवायला गेलेलाही तिथेच पडतो. बाहेरून शक्य असेल तर इंजिन बंद करा, दारं-शटर उघडा, १०१ वर अग्निशमन दलाला आणि १०८ वर रुग्णवाहिकेला फोन करा. दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगा की हा बंद जागेत चालू इंजिनापाशी होता, आणि कार्बॉक्सीहिमोग्लोबिनची, म्हणजे हा वायू चिकटलेल्या हिमोग्लोबिनची, तपासणी करा म्हणा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-सव्वा तासात तेवढं होतं. त्याच्यासोबत आत असलेल्या प्रत्येकाला तपासून घ्या, धडधाकट दिसत असला तरी. त्यात कोणी गर्भवती असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, कारण पोटातल्या बाळाला आईपेक्षाही जास्त धोका असतो.