कादंबरी आणि म्युझिकल शेजारी ठेवून बघायची असतील तर

काय काय गाळलं याची यादी करत बसू नका. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल'मध्ये (१८६२) वॉटर्लूच्या लढाईवरच १९ प्रकरणं आहेत. त्यावरच्या म्युझिकलच्या, म्हणजे गाण्यांतून सांगितलेल्या नाटकाच्या, तीन तासांच्या प्रयोगात ती मावणार नाहीत, हे सांगायला समीक्षक कशाला हवा?

मी आधी गाणी बघते. पात्र एकटंच उभं राहून गातं, ती जागा कादंबरीत शोधून काढायची. आपल्याऐवजी भलताच माणूस पकडला गेलाय हे कळल्यावर 'ले मिझेराब्ल'चा नायक, नाव बदलून राहणारा माजी कैदी ज्याँ व्हालज्याँ, रात्रभर तळमळतो. जुने कपडे आगीत टाकतो, चांदीचे मेणबत्तीदानही टाकायला निघतो. सकाळी निघतो तेव्हाही त्याचं काही ठरलेलं नसतं. वाटेत गाडीचं चाक मोडतं, तर त्याला चक्क हायसं वाटतं! रंगमंचावर हे सगळं एका छोट्या गाण्यात आटोपतं आणि ते संपतासंपता तो कोर्टात आपला कैदी क्रमांक, २४६०१, ठणकावून सांगतो. गाण्याला निर्णय लागतो, घोळत राहणं त्याला परवडत नाही.

मग बघा, गाण्यामुळे कोणाची बाजू वरचढ झाली. मारियुस या तरुणावर एकतर्फी प्रेम करणाऱ्या एपोनीनला एकटेपणाचं गाणं मिळालं आणि ती सगळ्यांची लाडकी झाली. ह्यूगोची एपोनीन मारियुसला बंडखोरांच्या बॅरिकेडवर (रस्ता अडवून रचलेल्या तटावर) मुद्दाम आणते, त्याच्या नावाचं पत्र दडवून ठेवते. मला तीच जास्त आवडते.

शेवट बदलला की लगेच 'गोड केलं' म्हणून नाक मुरडू नका. डिकन्सच्या 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये पोरांना खिसे कापायला शिकवणाऱ्या फेगिनला फाशी होते. १९६० च्या 'ऑलिव्हर!' या म्युझिकलमध्ये तो सुटतो. ज्याच्या गाण्यांवर प्रेक्षक हसले, त्याला फासावर कसं चढवणार? 'विकेड'चंही तसंच: १९९५ च्या कादंबरीत नायिका एल्फाबा मरते, २००३ च्या म्युझिकलमध्ये वाचते. हा बदल मात्र मला अजून पचलेला नाही.

राहता राहिली गायब पात्रं. त्यांचं काम कोणाच्या गळ्यात पडलं, तेवढं तपासा. गास्तों लरूच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'चा काही भाग एक पर्शियन गृहस्थ सांगतो. १९८६ च्या म्युझिकलमध्ये तो नाहीच. नायिकेचा प्रियकर राऊल याला फँटमचा, म्हणजे ऑपेरागृहात लपून राहणाऱ्या मुखवटाधारी माणसाचा, पूर्वेतिहास सांगते मादाम जिरी, जी कादंबरीत ऑपेरातल्या बॉक्सची (प्रेक्षकांच्या खास कक्षांची) देखभाल करणारी साधी बाई आहे आणि इथे बॅलेची कडक शिक्षिका.