लाटेसाठी सप बोर्ड: आधी लिटर विचारा

लातूरहून समुद्र लांब, त्यामुळे कर्नाटक किनाऱ्यावरच्या मुलकीची गाडी धरायच्या आधी सप बोर्डचं, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीचं, माप घरीच पक्कं करा. दुकानदार लांबी सांगत बसतो. तुम्ही लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान विचारा. एक लिटर साधारण एक किलो उचलतं, पण तेवढ्यावर भागत नाही. उभं राहून वल्हवायचं, त्यात फेसाळ पाणी बोर्ड डगमगवतं. नवख्याने वजनाच्या पावणेदोनपट धरावं: 75 किलोला 130 लिटरच्या आसपास. तोल बसला की 105 पुरे. वजन आजचं सांगा हो, लग्नाच्या वेळचं नको!

थांबल्यावर पाणी घोट्यापर्यंत चढत असेल तर लिटर कमी पडलेत. रुंदी सुरुवातीला 31-32 इंच, लांबी 9 ते 10 फूट. साडेअकरा फुटी बोर्ड तळ्यात सरळ पळतो, लाटेवर मात्र वळता वळत नाही.

लिटर सारखे असले तरी कडेला हात फिरवून बघा. जाड कड तरंगवते, पातळ कड लाटेत रुतून वळण देते. हवा भरायचा बोर्ड एसटीच्या डिकीत मावतो खरा, पण त्याची गुबगुबीत कड लाट धरत नाही. लाटेसाठी मी तरी कडकच घेईन.