चेनसॉच्या चेनला ग्राइंडरवर धार: मशीन निवडताना आणि वापरताना

चेनसॉच्या चेनला धार लावायचा ग्राइंडर घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती वॉटचा?" माझं म्हणणं, वॉट शेवटी विचारा. आधी चेन जिथे पकडली जाते तो शिकंजा चिमटीत धरून हलवून बघा. मग वरचं डोकं, म्हणजे मोटर आणि दगड ज्या हातावर खाली येतो तो भाग, डावी-उजवीकडे ढकलून बघा. दोन्हींपैकी एकात जरी ढिलाई लागली तरी ते मशीन दुकानातच राहू द्या. दगड चांगला नसेल तर बदलता येतो, मोटर रिवाइंड होते. पण पत्र्याच्या शिकंज्यात दर दात अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे बसत असेल, तर त्यावर काही इलाज नाही.

माझं दापोलीत छोटं दुरुस्तीचं दुकान आहे. ग्रास कटर, फवारणीचे पंप आणि चेनसॉ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते, आणि आडवे झालेले माड, पोफळी, आंबे, किनाऱ्यावरची सुरूची झाडं कापायला वाडीवाडीत चेनसॉ आल्या. तोवर ज्यांनी कोयत्यापलीकडे कशाला धार लावली नव्हती त्यांच्या हातात चेन आली. वाऱ्याने पडलेल्या झाडाच्या सालीत माती भरलेली असते, कुंपणाच्या खिळ्यांवर आणि तारांवर लाकूड वाढलेलं असतं, आणि खोड जमिनीला टेकलेलं असल्यामुळे शेवटच्या क्षणी चेन जांभ्या दगडाला लागतेच. एकदा का चेन जांभ्यावर घासली की सगळ्या दातांचे कोपरे गोल होतात. तिथे ग्राइंडरचं खरं काम आहे.

कारण रोजच्या धारेला कानसच बरी, हे मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो. पेट्रोलच्या दर टाकीमागे दोन-तीन घास मारले तर चेन आठवडेच्या आठवडे चालते आणि पोलादही कमी जातं. ग्राइंडर हवा तो दगड-खिळा लागून मार बसलेल्या चेनला, किंवा कानस मारून मारून एका बाजूचे दात लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड झालेत अशा चेनला. स्वतःच्या बागेपुरती एकच चेनसॉ असेल तर ग्राइंडर घेऊ नका, कानस नेमक्या कोनात धरणारा कानशीचा गाइड घ्या. तोडीचे ठेके घेता, जळाऊ लाकडाचा धंदा आहे, चार-पाच चेन फिरत असतात, तर मात्र पुढे वाचा.

बाजारात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक हलकी, ८५ वॉटच्या आसपासची, प्लास्टिकच्या अंगाची. तिचा दगड १०० ते १०८ मिलिमीटरचा, फेरे मिनिटाला साधारण ५,०००. दुसरी जड, २२० ते २३० वॉटची, इंडक्शन मोटरची. तिचा दगड १४५ मिलिमीटरचा, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर फेरे ३,००० च्या जरा आत. लोकांना वाटतं मोठं मशीन चेन जाळेल. हिशोब उलटा आहे. दगडाच्या काठाचा वेग काढला तर लहान मशीनचा सेकंदाला साधारण २८ मीटर येतो, मोठ्याचा साधारण २२. म्हणजे लहान मशीन जास्त वेगाने घासतं, वर ताकद नसल्यामुळे दाबलं की फेरे पडतात, मग माणूस आणखी दाबतो आणि दात निळा होतो. आमच्याकडे पावसाळ्यात व्होल्टेज पडतं तेव्हा तर विचारूच नका. झेपत असेल तर १४५ चं घ्या. ओरेगॉन कंपनीच्या मशीनमध्ये हाच दगड आहे, आणि त्याच ढंगाची चिनी मशीनंही त्याच मापाचा दगड घेतात, त्यामुळे पुढे दगड मिळायची अडचण येत नाही. त्याचं मधलं भोक २२.२ मिलिमीटरचं. लहान मशीनमध्ये भोक कुठे १०, कुठे २३ असतं. घ्यायच्या आधी त्याच मापाचे दोन जादा दगड मागा. दुकानदार "मागवून देतो" म्हणाला तर काय समजायचं ते समजा.

साधा दोन दगडांचा बेंच ग्राइंडर, ज्यावर आपण पहारीला आणि छिन्नीला टोक काढतो, तो या कामाला चालत नाही. दाताला एकाच वेळी तीन बाजूंनी नेमका कोन लागतो, तो हाताने धरून येत नाही.

दगडाची जाडी चेनच्या मापावर ठरते. ३/८, ०.३२५ असे आकडे म्हणजे ते माप, सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचं निम्मं, इंचात. आपल्याकडे छोट्या घरगुती चेनसॉला बहुतेक ३/८ लो प्रोफाइल, म्हणजे बुटक्या दातांची चेन असते, चायना ५८ सीसी चेनसॉला बहुतेक ०.३२५. या दोन्हींना ३.२ मिलिमीटरचा दगड. मोठ्या चेनसॉच्या पूर्ण ३/८ आणि ०.४०४ चेनला ४.८ चा. चेन कुठली ते कळत नसेल तर सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत. साधारण १९ मिलिमीटर आलं तर ३/८, साडेसोळा आलं तर ०.३२५. जाड दगड बारीक चेनला लावला की तो खालच्या दुव्याला खातो, आणि दुवा कापला गेलेली चेन तुटते ती नेमकी फिरताना.

नवा दगड बसवण्याआधी त्याच्या भोकात बोट घालून लटकवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टिचका मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजला तर दगडाला चीर आहे, तो मोडून फेका, कोपऱ्यात ठेवू नका, कारण कोपऱ्यातला दगड कोणीतरी परत लावतोच. दगडावर छापलेले कमाल फेरे मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त हवेत. दोन्ही बाजूंची कागदी चकती काढायची नाही. नट बेताने आवळा. मग एक मिनिट मोकळा फिरवा आणि त्या वेळी दगडाच्या रेषेत उभे राहू नका.

आता ज्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात ते. नव्या दगडाचा काठ चौकोनी असतो. चेनच्या दाताची आतली बाजू मात्र गोलाकार लागते, कारण वरच्या पात्याच्या खाली लाकडाचा तुकडा वळायला जागा हवी. म्हणून मशीनबरोबर येणारी घासायची वीट घेऊन फिरत्या दगडाचा काठ गोल करायचा, आणि सोबतच्या साच्याला लावून बघायचा. डोळ्यांना गॉगल लावूनच. ही वीट दगडाचा आकार सुधारते, शिवाय वरचा चिकट थरही काढते. तेल आणि डिंक बसून दगड काळा, चकचकीत झाला की तो कापत नाही, नुसता घासून तापवतो. म्हणून चेन आधी केरोसीनमध्ये ब्रशने धुऊन, फडक्याने पुसून कोरडी करा. पेट्रोलने धुवू नका. ग्राइंडरच्या ठिणग्या पडतात तिथे पेट्रोलचा डबाही नको. चेन दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात तो असतोच, म्हणून सांगतो.

सीबीएनचे दगड मिळतात, म्हणजे पोलादी चकतीवर कठीण कणांचा थर. त्यांचा आकार बदलत नाही, वीट लागत नाही, दातही कमी तापतो. महाग आहेत. दिवसाला दहा-बारा चेन करणाऱ्याने घ्यावेत, बाकीच्यांनी नाही.

कोन लावताना चेनच्या खोक्यावर बघा. नेहमीच्या चेनला वरच्या पात्याचा कोन बहुतेक ३० अंश, डोक्याचा झुकाव कंपनीप्रमाणे ५५ किंवा ६०. फळ्या पाडायच्या, म्हणजे खोड उभं चिरायच्या चेनला पात्याचा कोन १० अंश. काही चेनना शिकंजा १० अंश कलता करायला सांगतात. तसं असेल तर डाव्या दातांना एका बाजूला कल आणि उजव्यांना दुसऱ्या. खोकं हरवलं असेल तर ३० आणि ६० धरा, शिकंजा सपाट. फार बिघडत नाही.

मग सगळ्यात आखूड दात शोधा. वर्नियरने पात्याची वरची लांबी मोजा, मार्करने खूण करा. सगळी चेन त्याच्या मापाला आणायची. जीवावर येतं, कारण लांब दातांचं चांगलं पोलाद जातं, पण एक दात उंच आणि एक बुटका ठेवून चालत नाही. ज्या दाताला खिळा लागून मोठा कपचा उडालाय, तो एकटाच असेल तर त्याच्यासाठी सगळी चेन झिजवू नका, तो तसाच सोडा.

चेन शिकंज्यात घाला, मागचा थांबा दाताच्या पाठीला टेकवा, मोटर बंद असतानाच डोकं खाली आणून बघा. दगड दाताच्या पुढच्या तोंडाला हलका स्पर्श करायला हवा आणि त्याचा तळ दातापुढच्या खोबणीच्या बुडापर्यंत जायला हवा, पण खालच्या दुव्याला लागता कामा नये. खोलीचा स्क्रू त्याप्रमाणे लावा. दगड फार खोल गेला तर दाताला आकडा येतो, लाकडात हिसका मारतो. वरच राहिला तर दाताची छाती मागे कलते आणि चेन लाकडावरून नुसती घसरते. एक बारीक गोष्ट: १४५ चा दगड झिजत झिजत १३५ चा होतो तसा त्याचा तळ वर सरकतो. त्यामुळे खोलीचं माप एकदा लावून ठेवलं की झालं असं नसतं. दर चेनला बघायचं.

आता मोटर चालू. डोकं खाली आणा, दाताला टेकवा, उचला. टेकवा, उचला. एकेक टेक निमिषभराची. दाबून धरायचं नाही. घाईत दाबून धरलं की टोक पहिल्यांदा पिवळसर होतं, मग निळं. निळं झालं म्हणजे त्या दाताचं पाणी उतरलं. तापून लगेच गार झालेला भाग कधी काचेसारखा कडक होतो, पुढे त्यावर कानस नुसती घसरते. कधी मऊ पडतो आणि पहिल्याच ओंडक्यात धार जाते. निळा पट्टा दिसला तर पुन्हा हलक्या हाताने तेवढा भाग काढून टाका. जास्त माल काढायचा असेल तर थांब्याचा स्क्रू एकदम फिरवू नका. थोडं थोडं, आणि पूर्ण चेनला एक फेरी देऊन मग पुन्हा, म्हणजे तोवर पहिला दात गार झालेला असतो.

एका बाजूचे सगळे दात झाले की शिकंजा फिरवून दुसऱ्या बाजूचे. इथेच मशीनची परीक्षा होते. स्वस्त मशीनमध्ये शिकंजा दगडाच्या बरोबर मध्यावर नसतो, त्यामुळे उजवा कोन लावला की थांब्याचं अंतर बदलतं. दुसऱ्या बाजूचा पहिला दात घासल्यावर लगेच वर्नियर लावा. डाव्याशी जुळला नाही तर थांबा हलवा, मगच पुढे. ग्राहक येऊन विचारतो, "दादा, मशीन एकाच बाजूला ओढतं, बार वाकलाय काय?" बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पट्टी, क्वचित वाकतो. बहुतेक वेळा एका बाजूचे दात लांब असतात. बाराच्या खाचेची एक कड झिजली असेल तरी असंच होतं, म्हणून तीही बघावी.

दातापुढचा बुटका उंचवटा, ज्याला डेप्थ गेज म्हणतात, तो दात एका वेळी किती खोल चावणार ते ठरवतो. दात मागे झिजतो तसा बुटका होतो, म्हणून उंचवटाही खाली आणावा लागतो. नेहमीच्या चेनना उंचवटा दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली. ग्राइंडरला ६ मिलिमीटरचा दगड लावून हे करता येतं, पण मी करत नाही. गेजची पट्टी ठेवून चपट्या कानशीने दोन घास, आणि पुढचा कोपरा पुन्हा गोल. इथे जास्त काढलेलं परत येत नाही. "जरा जास्त चावू दे" म्हणणारे बरेच असतात. त्यांची चेन ऐन-किंजळासारख्या लाकडात अडकून हिसका देते, आणि हिसका देते म्हणजे बाराचं टोक तोंडावर येतं.

झाल्यावर दातांच्या कडांना राहिलेली बारीक किनार लाकडाच्या सुक्या तुकड्याने काढा, चेन तेलात बुडवून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी चढवा, ताण लावा, एक काप मारा. कापातून जाडसर तुकडे पडले तर बसली. भुसा पावडरीसारखा पडला तर दात जागेवर नाहीत, आणि माडावर असा कोरडा भुसा लगेच दिसतो, कारण त्याचं बाहेरचं कवच चिवट असतं.

पात्याची लांबी ४ मिलिमीटरला आली की चेन भंगारात. त्याच्या जरा वर असेल तेव्हाच तिला लाल रंगाचा ठिपका देऊन वेगळी ठेवा. पडलेल्या माडाची मुळं जमिनीलगत कापायची वेळ आली की ही चेन चढवायची, नवी नाही.