‘इनडायरेक्ट स्पीच’मध्ये मराठीतला ‘की’ कुठे नडतो

“तो म्हणाला की मी उद्या येतो.” मराठीत हे वाक्य बिनचूक आहे. ‘की’ आला तरी ‘मी’ तसाच राहतो, काळही हलत नाही. हीच सवय इंग्रजीच्या ‘इनडायरेक्ट स्पीच’मध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं अवतरणचिन्हांशिवाय आपल्या वाक्यात सांगताना, नेली की ‘ही सेड दॅट आय विल कम टुमॉरो’ असं उत्तर येतं, आणि येणारा तो न राहता लिहिणारा होतो. काळ कसा बदलायचा याचा तक्ता पाठ करण्याआधी मुलांना हा फरक दाखवा. निम्म्या चुका तिथेच थांबतात.

अवतरणचिन्हांतलं बोलणं बदलायचं वाक्य हातात आलं की आधी अवतरणचिन्हाबाहेरचं क्रियापद बघा. ‘सेज’ असेल तर आतला काळ बदलायचा नाही. ‘सेड’ असेल तर एक पायरी मागे: ‘इज गोइंग’चं ‘वॉज गोइंग’, ‘वेंट’चं ‘हॅड गॉन’, ‘विल’चं ‘वुड’. सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्याला मात्र हात लावू नका. मग सर्वनामं: आतला ‘आय’ बोलणाऱ्याकडे जातो, ‘यू’ ऐकणाऱ्याकडे. शेवटी ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’.

सीता सेड टू मी, “आय विल मीट यू हिअर टुमॉरो.”
सीता टोल्ड मी दॅट शी वुड मीट मी देअर द नेक्स्ट डे.

‘सेड टू’चं ‘टोल्ड’ झालं की पुढचा ‘टू’ जातो. ‘टोल्ड टू मी’ ही चूक हुशार मुलंही करतात, कारण कानाला ‘मला’मधला ‘ला’ हवा असतो.

खरी कसोटी प्रश्नार्थक वाक्यांत लागते.

द टीचर सेड टू रवी, “व्हाय डिड यू कम लेट येस्टरडे?”
द टीचर आस्क्ड रवी व्हाय ही हॅड कम लेट द प्रीव्हियस डे.

इथे चार गोष्टी तपासा. ‘दॅट’ येत नाही. ‘डिड’ गळतो आणि ‘हॅड’पुढे तिसरं रूप येतं, ‘हॅड केम’ चूक. कर्ता क्रियापदाच्या आधी येतो, म्हणून ‘व्हाय हॅड ही कम’ नाही. प्रश्नचिन्ह जाऊन पूर्णविराम येतो. ‘हो’ किंवा ‘नाही’ उत्तराचा प्रश्न असेल तर जोडायला ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’.

आज्ञेला ‘टू’ पुरतो: “डोन्ट रन”चं ‘नॉट टू रन’.

धड्यावरच्या उत्तरांतही हेच कामी येतं. ‘आजीने मुलाला काय विचारलं?’ असा प्रश्न आला की बरीच मुलं धड्यातला संवाद ‘यू’सकट जसाच्या तसा उतरवतात. आशय बरोबर असूनही वाक्य चुकतं. आधी पेन्सिलने धड्यातल्या प्रत्येक ‘आय’ आणि ‘यू’वर त्या त्या पात्राचं नाव लिहायला लावा, मगच उत्तर लिहू द्या.