अतिबारीक पावडर फ्लुइडाइज होत नाही? हवा वाढवण्याआधी हे करून बघा

टाल्क, टायटॅनियम डायऑक्साइड, पाच मायक्रॉनचं कॅल्शियम कार्बोनेट किंवा मायक्रोनाइज्ड (काही मायक्रॉनपर्यंत दळलेला) औषधी माल फ्लुइड बेडमध्ये, म्हणजे खालून हवा सोडून पावडर पाण्यासारखी वाहती करणाऱ्या भांड्यात, टाकला की बहुतेक वेळा एकच प्रकार दिसतो. आधी सगळा थर दट्ट्यासारखा वर उचलला जातो, मग तडकतो, आणि उंदराच्या बिळांसारख्या दोन-तीन वाटा पडून सगळी हवा तिथूनच पळते. बाकीचा माल जागचा हलत नाही. मग ऑपरेटर व्हॉल्व्ह आणखी उघडतो. त्याने बिळं रुंद होतात आणि माल बॅग फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

हवा कमी पडते म्हणून हे होत नाही. कणाचं वजन व्यासाच्या घनाने कमी होतं, पण दोन कणांना चिकटवणारी व्हॅन डर वाल्स ओढ साधारण व्यासाच्याच प्रमाणात कमी होते. त्यामुळे वीस-तीस मायक्रॉनच्या खाली ओढ वजनावर मात करते. डेरेक गेल्डार्टने १९७३ मध्ये पावडरींचे चार गट पाडले, त्यातला हा ‘सी’ गट. गाठी आणि बिळं मोडायला बाहेरून जोर द्यावा लागतो. मात्र तो हवेला मदत करतो, हवेची जागा घेत नाही.

माल खरंच ‘सी’ गटातला आहे का, हे १०० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरमध्ये कळतं. मोकळा भरा, आकारमान लिहा, आकारमान घटायचं थांबेपर्यंत आपटा, पुन्हा लिहा. पहिल्याला दुसऱ्याने भागून १.४ च्या वर आलं तर पुढचं सगळं लागू. १.२५ च्या खाली असेल तर दोष मालात नाही, जाळीत किंवा ब्लोअरमध्ये शोधा.

त्यानंतर हवेतला ओलावा तपासा. रबाळे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये जुलैत ब्लोअर थेट बाहेरची हवा ओढत असेल तर आर्द्रता सहज ८५ टक्क्यांवर असते. तेवढ्यात कणांमध्ये पाण्याचे पूल तयार होतात, मग कितीही हलवा, गाठी परत जुळतात. उलट टोकही आहे. रेफ्रिजरेटेड ड्रायरची हवा ७ बारला ३ अंश दवबिंदूची (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होऊ लागतं तो बिंदू) असली तरी बेडमध्ये वातावरणाच्या दाबाला आल्यावर ३० अंशाला तिची आर्द्रता २-३ टक्केच उरते. मग स्टॅटिक (स्थिर वीज) चढतो आणि माल भिंतीला चिकटतो. त्या हवेचा काही भाग पाण्याच्या बाटलीतून बुडबुडवून उरलेल्या कोरड्या हवेत मिसळा आणि ३० ते ५० टक्क्यांवर आणा. आमच्या मते पावसाळ्यातल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

चाचणीला १० सेंमी आतल्या व्यासाचा ॲक्रिलिक कॉलम पुरतो. खाली १०-२० मायक्रॉन छिद्रांची सिंटर्ड (धातूची भुकटी तापवून जोडलेली, सच्छिद्र) प्लेट, आत १ किलो माल, हवेचा प्रवाह मोजायला ०-५० लिटर प्रतिमिनिटाचा रोटामीटर आणि दाब मोजायला यू-ट्यूब मॅनोमीटर. या व्यासाला ४.७ लिटर प्रतिमिनिट म्हणजे १ सेंमी प्रतिसेकंद वेग. सगळा माल हवेने पेलला तर किती दाब दिसायला हवा, तो हिशेब आणखी सोपा: कॉलमचं क्षेत्रफळ ७८.५ चौसेंमी, आणि दर चौसेंमीवर जितके ग्रॅम, तितके सेंमी पाणी. १००० भागिले ७८.५, म्हणजे १२.७ सेंमी. मॅनोमीटरची नळी बेडमध्ये घुसवू नका, चोंदते. प्लेटखालच्या पोकळीतून दाब घ्या आणि रिकाम्या कॉलमचा त्याच प्रवाहाचा आकडा वजा करा. प्लेटचा स्वतःचा दाब बेडच्या दाबाच्या तिसऱ्या भागापेक्षा कमी नको, निम्मा असला तर बरं.

आता नुसत्या हवेने १२.७ ऐवजी ६-७ सेंमी आले तर बिळं पडलेली आहेत, वरून पृष्ठभाग कितीही हलताना दिसो. दट्ट्या उचलला जाताना आकडा १२.७ च्या वरही जातो. ते भिंतीचं घर्षण, यश नव्हे.

सगळ्यात भरवशाचा जोर म्हणजे उभं कंपन. कॉलम स्प्रिंगवर बसवा, दोन्ही बाजूंना उलट दिशेने फिरणाऱ्या दोन सारख्या व्हायब्रो मोटर (कंपन देणाऱ्या मोटर) लावा. त्यांचे आडवे धक्के एकमेकांना मारतात आणि उभी हालचाल उरते. हवेची जोडणी रबरी होजने आणि वरची सिलिकॉन स्लीव्हने करा, नाहीतर फ्लँज सैल होतात. कंपनाची ताकद, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट: (२ × π × हर्ट्झ) चा वर्ग × ॲम्प्लिट्यूड (मधल्या जागेपासून एका बाजूची हालचाल, मीटरमध्ये) ÷ ९.८१. चार पोलची मोटर साधारण २४ हर्ट्झ देते. तिथे ताकद २ हवी तर ॲम्प्लिट्यूड ०.८६ मिमी. हालचाल मोजायला लावतात ते स्ट्रोकचं स्टिकर पूर्ण हेलकावा दाखवतं, म्हणजे १.७ मिमी. ही गल्लत फार होते. १.५ ते २.५ मध्ये सुरुवात करा. व्हीएफडीने (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने) हर्ट्झ निम्मे केले तर ताकद चौथ्या भागावर येते आणि मोटर नुसती घुमत राहते. ४ च्या पुढे बेड उसळतो आणि खाली घट्ट बसू लागतो.

क्रम चुकवू नका. आधी हवा, मग कंपन. बंद करताना आधी कंपन, मग हवा. हवेशिवाय अर्धा मिनिट हलवलेला माल सिलिंडरमध्ये आपटल्यासारखा दाबला जातो, मग त्याला रॉडने फोडावं लागतं. ५ लिटरने सुरू करून दर दोन मिनिटांनी २ लिटर वाढवा. मग त्याच टप्प्यांनी खाली या आणि नोंदी उतरतानाच्या घ्या, त्या जास्त खऱ्या असतात. आकडा ११ सेंमीच्या पुढे स्थिर राहिला तर काम झालं. कंपनात पूर्ण १२.७ ची अपेक्षा नको.

मोटर लावता येत नसेल तर आवाज. वरच्या टोकाला ८ इंची सबवूफर, कोनला धुळीपासून वाचवायला पातळ रबराचा पडदा, मोबाइलवर टोन जनरेटर. ५० ते २०० हर्ट्झ दर १० ने फिरवा. ८० ते १५० मध्ये कुठेतरी दाबाचा आकडा अचानक सुधारतो. ती जागा कॉलमच्या लांबीवर ठरते, दुसऱ्याच्या प्लांटचा आकडा चालत नाही. बेडपाशी साधारण १२० डेसिबल लागतात, म्हणून कॉलम लाकडी पेटीत आणि कानांवर इअरमफ. बेड जाड झाला की आवाज तळापर्यंत पोचत नाही, २०-२५ सेंमीच्या आत राहा.

चुंबकीय पद्धतीत १-२ मिमी फेराइटचे खडे मालात टाकून बाहेरच्या कॉइलला ५० हर्ट्झ एसी देतात. खडे गडगडून गाठी फोडतात. नंतर ते वेगळे काढावे लागतात, म्हणून औषधी मालात याचा विचारही नको.

फ्यूम्ड सिलिका (कणांच्या मध्ये बसून ओढ कमी करणारी अतिसूक्ष्म सिलिका) ०.२ ते १ टक्का मिसळणं या सगळ्याहून स्वस्त पडतं, पण फॉर्म्युला बदलायची परवानगी असेल तरच.

चाचणी आधी कॅल्शियम कार्बोनेटवर करा. ॲल्युमिनियम, साखर, स्टार्च, सेंद्रिय रंग यांची धूळ ठिणगीने पेटू शकते, त्यामुळे असा माल असला तर ॲक्रिलिक कॉलम वापरूच नका. अर्थिंग केलेला धातूचा कॉलम, फ्लेमप्रूफ मोटर आणि हवेऐवजी नायट्रोजन घ्या. सिलिकॉन स्लीव्ह वीज वाहत नाही, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंचे फ्लँज तांब्याच्या वेणीने जोडा. कंपनाने ही वेणी तुटते, प्रत्येक बॅचआधी मीटर लावून तपासा, १० ओहमच्या आत हवी.