प्रोग्रामिंगची भाषा कशी बदलावी: बातमीपासून चालत्या प्रोग्रामपर्यंत

फेब्रुवारी २०२० मध्ये डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपच्या कंपनीने जाहीर केलं की त्यांनी आपली एक महत्त्वाची सेवा गो भाषेतून काढून रस्ट भाषेत नव्याने लिहिली. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की टाइपस्क्रिप्ट भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्राम) गोमध्ये आणला जातोय आणि तो सुमारे दहापट वेगाने चालतोय. पहिली बातमी वाचून गो सोडावीशी वाटते, दुसरी वाचून धरावीशी. तंत्रज्ञान आणि चालू घडामोडी दोन्ही आवडीने वाचणाऱ्याची इथेच ओढाताण होते. दर महिन्याला कुठली तरी भाषा पुढे निघालेली असते आणि आपण मागे राहिलो असं वाटत राहतं.

मी स्वतः बरीच वर्षं पायथॉनमध्ये काम केल्यावर गोकडे वळलो. त्या वळणावर जे उपयोगी पडलं, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं पायथॉन आणि गोची असली तरी पायऱ्या कुठल्याही दोन भाषांना लागू पडतील.

पहिली पायरी: बातमीतलं कारण शोधा

वरच्या दोन्ही बातम्या पुन्हा वाचा, पण भाषेचं नाव झाकून. डिस्कॉर्डची ती सेवा कोणी कुठपर्यंत संदेश वाचले याची नोंद ठेवायची आणि त्यासाठी मेमरीत मोठा साठा सांभाळायची. गोचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा, कचरा फारसा नसला तरी निदान दर दोन मिनिटांनी एकदा चालतोच. तो चालला की हा सगळा साठा तपासायचा आणि तेवढ्यापुरता प्रतिसाद मंदावायचा. रस्टमध्ये गार्बेज कलेक्टरच नाही, त्यामुळे हा ठरावीक अडथळा गेला.

टाइपस्क्रिप्टच्या कंपायलरचं उलटं होतं. त्याचा जुना कोड गार्बेज कलेक्टर आहे असं धरूनच लिहिलेला होता आणि त्यातल्या रचना एकमेकींकडे गोल फिरून बोट दाखवणाऱ्या होत्या. असा कोड गोमध्ये जवळपास जसाच्या तसा उतरवता येतो. मेमरीतल्या प्रत्येक गोष्टीला एकच मालक हवा, या रस्टच्या नियमांत बसवायचा तर मुळापासून नवी मांडणी करावी लागली असती. म्हणजे एकच गोष्ट, गार्बेज कलेक्टर, एकीकडे अडचण ठरली आणि दुसरीकडे आधार.

म्हणून अशी बातमी आली की कागदावर तीन ओळी लिहा. काम काय होतं? नेमकं कुठे अडलं होतं? बदलासाठी काय मोजावं लागलं? तिसऱ्या ओळीचं उत्तर बातमीत बहुधा नसतंच, आणि ते नसेल तर त्या बातमीवर कोणताही निर्णय घेऊ नये असं माझं मत आहे.

सरकारी बातम्यांनाही हाच नियम लावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसच्या सायबर विभागाने मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषा वापरण्याचं आवाहन करणारा अहवाल काढला. त्यामागे ठोस कारण आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरी हाताळण्यातल्या चुकांमुळे असतात. पण हा इशारा सी आणि सी प्लस प्लस वापरणाऱ्यांसाठी आहे. पायथॉन, जावा किंवा गोमध्ये काम करणारा माणूस आधीच मेमरी-सुरक्षित भाषेत आहे. त्याने हा अहवाल वाचून घाईने रस्ट शिकायला बसण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: आपलं दुखणं मोजा

प्रोग्राम हळू चालतो म्हणून भाषा बदलायची असेल तर आधी प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, लावा. वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जात असेल तर नव्या भाषेतही तो तिथेच जाईल, आणि डेटाबेसमधल्या एका इंडेक्सने (शोध जलद करणाऱ्या सूचीने) जे सुटलं असतं त्यावर चार महिने खर्च होतील. हे मी स्वतः होताना पाहिलं आहे.

वेगाखेरीजही चांगली कारणं असतात. अँड्रॉइडसाठी ॲप लिहायचं असेल तर कॉटलिन शिकणं सरळच आहे. गूगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून पहिली पसंती. नवी नोकरी हे कारण आहे, निव्वळ कुतूहल हेही कारण आहे. फक्त आपलं कोणतं, ते एका वाक्यात लिहून ठेवा. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, तेव्हा ते वाक्य लागतं.

तिसरी पायरी: एकच प्रोग्राम निवडा, आणि तो बातम्यांचा असू द्या

धड्यांमागून धडे करत बसू नका. भाषेची तोंडओळख आठवड्याभरात उरका आणि जुन्या भाषेत आधी लिहिलेला एखादा छोटा प्रोग्राम नव्या भाषेत लिहायला घ्या. काय करायचंय ते आधीच ठाऊक असल्यामुळे सगळं लक्ष कसं करायचं याकडे देता येतं.

माझी शिफारस बातम्या गोळा करणाऱ्या प्रोग्रामची आहे. दहाबारा संकेतस्थळांचे आरएसएस फीड (नव्या बातम्यांच्या, प्रोग्रामला वाचता येणाऱ्या याद्या) आणायचे, मथळा, दुवा आणि वेळ वेगळी काढायची, एकच बातमी दोनदा आली तर एकदाच ठेवायची आणि सगळं एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवायचं. जुन्या भाषेत असा प्रोग्राम नसेल तर आधी तिथे लिहून घ्या, दोन संध्याकाळींचं काम आहे. हा प्रोग्राम छोटा आहे, पण नेटवर्क, एक्सएमएल, तारखा, मराठी मजकूर, एकाच वेळी अनेक कामं आणि साठवण हे सगळं त्यात येतं. शिवाय तो रोज वापरला जातो, आणि वापरातला प्रोग्राम नीट ठेवावाच लागतो.

सुरुवात एका फीडपासून करा. तो आणताना वेळेची मर्यादा घाला. गोच्या नेहमीच्या एचटीटीपी क्लायंटला अशी मर्यादा आपोआप नसते. पायथॉनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीलाही नसते, फक्त तिथे कदाचित कधी जाणवलेलं नसतं. एक संकेतस्थळ बंद पडलं की सगळा प्रोग्राम ताटकळत बसतो.

मग तारखा. आरएसएसमध्ये तारीख एका पद्धतीने येते, ॲटम या दुसऱ्या प्रकारच्या फीडमध्ये दुसऱ्या. पायथॉनमध्ये तारखेचा साचा टक्केवारीच्या खुणांनी सांगायची सवय असते. गोमध्ये साचा म्हणून एक विशिष्ट क्षण लिहावा लागतो: २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद. महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, असा तो क्रम आहे. तो कळेपर्यंत तारखा भलत्याच वाचल्या जातात आणि चूक कुठे आहे तेच समजत नाही.

एक फीड नीट चालला की सगळे फीड एकदम आणा. गोमध्ये यासाठी गोरुटीन, म्हणजे एकाच वेळी चालणारी हलकी कामं, वापरतात. इथे एक सूचना: शिकवणीचा लेख कधीचा आहे ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या गो १.२२ पर्यंत लूपमधला व्हेरिएबल सगळ्या फेऱ्यांत एकच असायचा. त्यामुळे लूपमध्ये सुरू केलेली दहा गोरुटीन्स अनेकदा शेवटचाच फीड दहा वेळा आणायची. आता प्रत्येक फेरीला नवा व्हेरिएबल मिळतो, पण जुने लेख अजून जुनाच तोडगा सांगतात.

चौथी पायरी: जुन्या सवयींची यादी करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. नवं व्याकरण लवकर येतं. त्रास होतो तो दोन्ही भाषांत सारख्या दिसणाऱ्या पण वेगळं वागणाऱ्या गोष्टींचा, कारण तिथे कंपायलर काहीच बोलत नाही.

‘मराठी’ हा शब्द घ्या आणि त्याची लांबी विचारा. पायथॉन ५ सांगते, कारण ती म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी असे युनिकोडचे घटक मोजते. गो आणि रस्ट १५ सांगतात, कारण त्या बाइट मोजतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात. स्विफ्ट ३ सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला दिसतात तेवढी अक्षरं. प्रत्येक भाषेने वेगळा प्रश्न ऐकलेला असतो. मथळा ६० अक्षरांवर कापणारी पायथॉनमधली ओळ गोमध्ये तशीच आणली तर मराठी मथळा विसाव्या घटकाच्या आसपासच तुटतो. शिवाय शब्दांमधल्या मोकळ्या जागेला एकच बाइट लागत असल्यामुळे एखादं अक्षर मधोमध चिरलंही जाऊ शकतं. इंग्रजी मजकुरावर टेस्ट लिहिल्या तर हे कधीच दिसत नाही, म्हणून टेस्टमध्ये मराठी मथळे हवेतच.

भागाकाराचंही तसंच. उणे ७ ला २ ने पूर्णांकात भागलं तर पायथॉन उणे ४ देते आणि गो उणे ३. पायथॉनमध्ये यादीचा तुकडा काढला की नवी यादी मिळते. गोमध्ये तो तुकडा मूळ साठ्यावरच उघडलेली खिडकी असतो, तिथे एक घटक बदलला की मूळ यादीतलाही बदलतो. गोमधल्या रिकाम्या, न बनवलेल्या मॅपमधून (पायथॉनच्या डिक्शनरीसारख्या, नावावरून मूल्य देणाऱ्या रचनेतून) वाचता येतं, पण त्यात लिहायला गेलं की प्रोग्राम कोसळतो.

चुका हाताळण्याची पद्धत तर स्वभावच बदलायला लावते. पायथॉनमध्ये चूक झाली की एक्सेप्शन उठतं, ते एका फंक्शनमधून त्याला बोलावणाऱ्या फंक्शनकडे वर वर जात राहतं आणि कुठेतरी पकडलं जातं. गोमध्ये फंक्शन उत्तरासोबत एररही परत देतं आणि ती तिथेच तपासायची असते. प्रत्येक वेळी एरर तपासणाऱ्या त्या तीन तीन ओळींचा सुरुवातीला मला फार वीट आला होता. पण फीड मिळाला नाही, फीड मिळाला पण मोडका होता, फीड चांगला होता पण तारीख वाचता आली नाही, हे तीन वेगळे प्रसंग मी पहिल्यांदाच वेगळे हाताळले. पायथॉनमध्ये ते एकाच पकडीत गेले होते.

असं काही सापडलं की वहीत दोन रकाने करून लिहा: जुनी सवय, नवं वागणं. माझी यादी चाळीसच्या आसपास थांबली.

पाचवी पायरी: एआयची मदत उशिरा घ्या

जुना कोड देऊन ‘हा गोमध्ये कर’ असं सांगितलं की काही क्षणांत कोड मिळतो, आणि बऱ्याचदा तो चालतोही. पण त्याची घडण अनेकदा पायथॉनचीच राहते, आणि वर सांगितलेल्या सवयींच्या जागा नजरेखालून न जाताच निसटतात. आधी स्वतः लिहा, मग तोच कोड दाखवून या भाषेतले जुनेजाणते हे कसं लिहितील ते विचारा. त्या भाषेची प्रमाण लायब्ररीही वाचा. गोची लायब्ररी गोमध्येच लिहिलेली आहे आणि ती वाचायला सोपी आहे.

सहावी पायरी: कामातला कोड तुकड्यातुकड्याने हलवा

सगळं एकदम नव्याने लिहू नका. पायथॉनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसऱ्या आवृत्तीचा आधार संपला १ जानेवारी २०२० ला. एकाच भाषेच्या दोन आवृत्त्यांमधलं हे स्थलांतर अकरा वर्षं चाललं. कडेचा, स्वतंत्र इनपुट आणि आउटपुट असलेला एक भाग निवडा आणि तेवढाच हलवा.

जुना भाग लगेच बंद करू नका. दोन्ही प्रोग्राम आठवडाभर त्याच इनपुटवर चालवा आणि उत्तरं रोज ताडून पाहा. बातम्यांच्या प्रोग्राममध्ये मला पहिल्या दिवशी बराच फरक दिसला. काही तारखा टाइमझोनमुळे सरकल्या होत्या, काही मथळे कापले गेले होते. तिसऱ्या दिवशी असा एक फरक सापडला जिथे नवा प्रोग्राम बरोबर होता आणि जुना चुकत होता, तोही कित्येक महिने. उरलेल्या प्रत्येक फरकाचं कारण सांगता आलं की जुना बंद करा. त्याचा कोड मात्र पुसू नका.