परदेशी विद्यार्थ्यांशी इंग्रजीत गप्पा: आधी आपला 'प' तपासा

कोल्हापुरात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना व्याकरण बऱ्यापैकी येत असतं, गाडी अडते ती बोलताना. म्हणून फळा-खडू नको. आठवड्यातून दोनदा पाऊण तास गप्पांना बसा, समोर एक किंवा फार तर दोन विद्यार्थी. जागा शांत हवी. महाद्वार रोडच्या हॉर्नमध्ये नवख्या कानाला 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' सारखंच ऐकू येतं. विद्यापीठाच्या आवारातलं एखादं झाड बरं.

"डू यू लाइक मिसळ?" असं विचारलंत तर "येस" म्हणून विषय संपतो. त्यापेक्षा त्यांच्या घरी रोटी कशी करतात ते विचारा आणि ते सांगतील तसं कागदावर चित्र काढत जा. तंदूरवर रोटी ठेवलेली दिसली की अफगाण विद्यार्थी लगेच म्हणतो, "नो, नॉट ऑन! इनसाइड, ऑन द वॉल!" 'ऑन' आणि 'इनसाइड'चा फरक असा पक्का बसतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. समोरचा अडखळला की मायेपोटी आपणच वाक्य पुरं करतो, आणि नेमका तिथंच त्याचा सराव बुडतो.

आता उच्चार. प्रमाण अरबीत 'प' हा ध्वनी नाही, त्यामुळे येमेनी किंवा सुदानी विद्यार्थी 'पेन'ला 'बेन' म्हणतात. दोन बोटं रुंदीची पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरायला सांगा. इंग्रजी पद्धतीनं 'पेन' म्हटलं की पट्टी उडते, 'बेन'ला जेमतेम हलते. पण आधी स्वतः करून बघा. मराठी 'प'मध्ये हवेचा झोत नसतो, त्यामुळे आपलीही पट्टी जागची हलत नाही आणि अरबी कानाला आपला 'पेन' 'बेन'च वाटू शकतो. 'फळ' म्हणताना ओठ पूर्ण मिटून 'फ' काढतो, तसा झोत 'प'ला द्या. हे मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीला. 'स्पून'मधला 'प' आपल्यासारखाच, कोरडा. 'वेस्ट'च्या दोन उच्चारांत मात्र आपणच कच्चे. बनियनचा 'व' वरचे दात खालच्या ओठाला टेकवून, पश्चिमेचा 'व' ओठ गोल करून.

काही चुका थेट मातृभाषेतून येतात. अरबीत वर्तमानकाळी 'आहे' लागत नाही, म्हणून "आय स्टुडंट". अफगाणिस्तानातल्या दरी भाषेत 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द, म्हणून बहिणीलाही 'ही'. हा निष्काळजीपणा नव्हे, रागावू नका. बोलणं चालू असताना टोकायचं नाही, "माय सिस्टर, ही इज डॉक्टर" आलं की "ओह, शी इज अ डॉक्टर? व्हेअर?" असं बरोबर रूप सहज परत द्या. बाकी चुका वहीत टिपा आणि शेवटच्या दहा मिनिटांत फक्त तीन घ्या. दहा काढल्यात तर पुढच्या खेपेला तोंडच उघडणार नाही.

आपल्या सवयीही आवरा. मान डोलावली की होकार की नकार, त्यांना कळत नाही. तोंडानं 'येस' म्हणा. 'लाख'ऐवजी 'हंड्रेड थाउजंड' सांगा, 'गुड नेम' विचारू नका, आणि अडलं की हिंदीत शिरू नका. पुढची बैठक त्याच तीन चुकांपासून सुरू करा, पण या वेळी वही मिटलेली.